ऑल-इन कुणासमोर, किती स्टॅकवर आणि कुठल्या हातावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सावंतवाडीपासून रत्नागिरीपर्यंतची पत्तेवाली मंडळी हेच प्रश्न फिरून फिरून पाठवतात, गणपती जवळ आले की जास्तच, कारण जागरणाच्या रात्री झब्बू आणि मेंढीकोट खेळून झाले की हल्ली कुणीतरी चिप्सचा डबा काढतोच. खालचं सगळं पोकरच्या नो-लिमिट होल्डेम टुर्नामेंटचं आहे (प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मधले पाच सगळ्यांचे, आणि कधीही सगळे चिप्स लावता येतात), कॅश गेमला यातलं अर्धं लागू होत नाही. बीबी म्हणजे बिग ब्लाइंड, पत्ते बघायच्या आधी एकाला भरावीच लागणारी रक्कम; त्याच्या आधीचा त्याच्या निम्मे भरतो तो स्मॉल ब्लाइंड, आणि त्याच्याही आधीची डीलरची जागा ती बटन. स्टॅक म्हणजे आपल्यासमोरचे चिप्स, पॉट म्हणजे मधे जमलेले. फोल्ड म्हणजे पत्ते सोडणं, कॉल म्हणजे समोरच्याएवढे लावणं, रेझ म्हणजे वाढवणं, ऑल-इन म्हणजे सगळे चिप्स लावणं. खाली नुसतं 'हात टाकणं' आलं की ते ऑल-इन टाकणं, पत्ते टाकून देणं नाही. रेंज म्हणजे ज्या ज्या हातांवर ती चाल करायची ते सगळे हात. एकच गोष्ट सगळीकडे परत परत येईल, ती आधीच सांगतो: स्वतःचे पत्ते उचलायच्या आधी टेबलावरचे स्टॅक बघा.

१. पैसे लावून खेळलं तर चालतं का?

ऑनलाइन नाही. केंद्राच्या ऑनलाइन गेमिंग कायद्यावर २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झाली आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद झाले, "पण पोकर स्किलचा गेम आहे हो" हा वाद तिथे चालत नाही. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत, १९७६ चा कॅसिनोचा कायदा होता तो कधी लागूच झाला नाही आणि शेवटी रद्द केला. पणजीला मांडवीतल्या बोटींवर लायसन्सवाले कॅसिनो आहेत, वय २१ पूर्ण लागतं. घरी खेळणार असाल तर काजूच्या बिया घ्या आणि वर्षभराचं पॉइंट टेबल ठेवा, चुरस तेवढीच होते.

२. माझ्याकडे ९ बीबी, समोरच्याकडे ४०. विचार कुठल्या स्टॅकचा करायचा?

९ चा. दोघांत जो लहान स्टॅक तेवढ्याचाच डाव होतो, वरचे चिप्स परत जातात. याला इफेक्टिव्ह स्टॅक म्हणतात. आणि हे उलटही तितकंच खरं आहे, जे लोक विसरतात: तुमच्याकडे ४० आणि समोर ९ वाला असेल तर तुम्हीसुद्धा त्याच्याशी ९ बीबीचाच गेम खेळताय, ४० चा नाही. म्हणून "मी मोठा स्टॅक आहे, मला थांबायला परवडतं" किंवा "मी मोठा स्टॅक आहे, मला काहीही परवडतं" ही दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत. कुणासमोर मोठा, ते सांगा आधी. मागे एकापेक्षा जास्त लोक असतील तर गुंता वाढतो, तो प्रश्न ५ मध्ये आहे.

३. किती बीबी उरले की फक्त ऑल-इन नाहीतर फोल्ड असं खेळायचं?

साधारण १० च्या खाली. बटनवरून किंवा स्मॉल ब्लाइंडमधून १२-१५ पर्यंतही चालतं. कारण असं की १० बीबीतून दोनाचा रेझ करून समोरून ऑल-इन आला की फोल्ड करायला जीव होत नाही आणि कॉल करायला हात पुरत नाही, मग आधीच सगळे टाकून निर्णय समोरच्याच्या गळ्यात घाला. आता फायदा किती ते बघा. तुम्ही स्मॉल ब्लाइंडमध्ये आहात, ब्लाइंड भरून ९.५ बीबी उरलेत, बिग ब्लाइंडवाल्याने १ बीबी अँटी (ब्लाइंडशिवायची जास्तीची सक्तीची भर) पण भरलीय. पॉटमध्ये अर्धा, एक आणि एक मिळून २.५ बीबी पडलेत. सगळे फोल्ड झाले की तुम्ही १२ वर, म्हणजे एकही पत्ता न उघडता स्टॅक पाव हिश्श्याने वाढला. १० बीबीला वाईट हातसुद्धा टाकावेसे वाटतात ते यामुळे. ४० बीबीवाल्याला तेच २.५ किरकोळ.

४. १० बीबीला नक्की कुठले हात? यादी द्या ना.

देतो, पण पाठ करून उपयोग नाही, पुढचे सगळे प्रश्न ही यादी मोडण्याबद्दलच आहेत. अँटी आहे, नऊ जणांचं टेबल आहे आणि सगळ्यांचे स्टॅक साधारण सारखे आहेत असं धरून:

पहिल्या जागेवरून छक्कीच्या जोडीपासून वर, एक्का-दश्शीपासून वर, एका रंगाचे असतील तर एक्का-अठ्ठीपासून, शिवाय एका रंगाचे राजा-राणी, राजा-गुलाम, राणी-गुलाम. बटनवरून कुठलीही जोडी, कुठलाही एक्का, एका रंगाचा राजा पंजीपर्यंत, वेगळ्या रंगाचा राजा नव्वीपर्यंत, आणि नव्वी-अठ्ठी एका रंगाचे असले एकमेकांना लागून असलेले हात. स्मॉल ब्लाइंडमधून, समोर एकटा बिग ब्लाइंड, तर निम्म्याहून जास्त हात. दोघंच उरलेत, अँटी नाही, १० बीबी, तर गणिताने निघणारं उत्तर साधारण असं की ५८ टक्के हात टाका आणि समोरच्याने ३७ टक्क्यांच्या आसपास हातांवर कॉल करावा. अगदी दोन-तीन बीबी सोडले तर टाकायची रेंज कॉल करायच्या रेंजपेक्षा मोठी, कारण टाकणाऱ्याला दोन मार्गांनी जिंकता येतं आणि कॉल करणाऱ्याला एकाच.

५. मी ४० बीबीवर, माझ्यामागे बटन २५, स्मॉल ब्लाइंड १२, बिग ब्लाइंड ६. आता रेंज कुठल्या आकड्याची?

हा खरा प्रश्न, आणि तक्त्यात याचं उत्तर मिळत नाही.

सरळ ऑल-इन टाकलात तर लढाई तीन वेगवेगळ्या आकड्यांची आहे. ६ वाल्याशी ६ ची, १२ वाल्याशी १२ ची, आणि बटनवाला उठला तर २५ ची. पॉटमध्ये पडलेत अडीच बीबी आणि त्यासाठी तुम्ही २५ धोक्यात घालताय, तेही अशा माणसासमोर जो चांगला हात असल्याशिवाय कॉल करणारच नाही. म्हणून ऑल-इनची रेंज ठरवताना मागचा सगळ्यात मोठा स्टॅक धरायचा, म्हणजे इथे २५, आणि २५ ला सरळ ऑल-इन टाकणं बहुतेक वेळा जास्तीचंच होतं. इथे दोन-सव्वादोनचा छोटा रेझ बरा.

पण छोटा रेझ करताना शेवटच्या ६ वाल्याचा हिशोब आधीच करून ठेवा. तुम्ही २ केले, बाकीचे गेले, त्याने एकूण ६ टाकले. पॉटमध्ये त्याचे ६, तुमचे २, अर्धा स्मॉल ब्लाइंडचा आणि १ अँटी, झाले साडेनऊ. तुम्हाला अजून ४ घालायचेत, म्हणजे साडेतेरात चार, तीस टक्के पण लागत नाहीत. जवळजवळ कुठल्याही हातावर कॉल करावाच लागेल. मग ज्या हातावर ६ वाल्याला कॉल करायला लाज वाटेल त्या हातावर रेझच करू नका. १२ वाल्याने टाकले तर मात्र फोल्ड करायला जागा आहे, आणि २५ वाल्याने टाकले तर भरपूर जागा आहे.

तेच तीन स्टॅक उलटे बसवा, बटन ६ वर आणि बिग ब्लाइंड २५ वर. पत्ते तेच, चिप्स तेवढेच, पण चित्र बदललं: आता ब्लाइंड चोरायचे (म्हणजे सगळ्यांना फोल्ड करायला लावून उचलायचे) ते २५ वाल्याचे, आणि त्याला पत्ते उघडण्याआधी एक बीबी सोडून द्यायला फार वाईट वाटत नाही. ६ वाला बटनवरून, काहीही न भरलेला असल्यामुळे, चांगला हात बघूनच येणार. म्हणजे तुमचा रेझ जरा मोकळा झाला.

मागे सगळेच ८-१० वर असतील आणि तुम्ही ४० वर, तर मजा आहे, सरळ १० बीबीच्या यादीने ऑल-इन टाका, तुमचा ४० चा स्टॅक तिथे १० चाच आहे.

६. एक्को हातात आसताना फोल्ड कित्याक करूचो?

टाकताना एक्का चांगला, कॉल करताना फसवा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. तुमच्या हातात एक एक्का असला की समोरच्याकडे एक्क्यांची जोडी असायचे प्रकार ६ वरून ३ वर येतात आणि एक्का-राजाचे १६ वरून १२ वर, म्हणजे कॉल करणारे दणकट हात कमी झाले. म्हणून एक्का-पंजी बटनवरून टाकायला छान. पण तुमच्याआधी कुणी पहिल्या जागेवरून १२ बीबी टाकलेत आणि तुम्ही एक्का-पंजीवर कॉल करताय, तर त्याच्याकडे एक्का-राजा असला की तुम्ही ३० टक्क्यांच्या आतच. त्याच एक्का-राजासमोर नव्वी-अठ्ठी एका रंगाचे असते तर चाळीसच्या आसपास असतात. दिसायला गरीब हात, पण मेलेला नाही.

७. शॉर्ट स्टॅकने (कमी चिप्सवाल्याने) ३ बीबी टाकले, मी बिग ब्लाइंडमध्ये सत्ती-दुर्रीवर. कॉल? खरंच?

बहुतेक वेळा हो. ब्लाइंड ५००/१०००, अँटी १०००, त्याने ३००० टाकले. पॉट ५५००, तुम्हाला घालायचेत २०००. म्हणजे ७५०० मध्ये २०००, पावणेसत्तावीस टक्के. सत्ती-दुर्री वेगळ्या रंगाचे, होल्डेममधला सगळ्यात भिकार हात, पण कुठल्याही दोन पत्त्यांसमोर चौतीस टक्क्यांच्या वर जिंकतो आणि एक्का-राजासमोरसुद्धा तेहतीसच्या आसपास. तो अगदी घट्ट खेळणारा असेल, फक्त मोठ्या जोड्याच टाकतो अशी खात्री असेल, तर सोडा. पण ३ बीबीवर इतकं घट्ट खेळणारा माणूस मला तरी क्वचितच भेटतो. बबलवर, म्हणजे बक्षिसं सुरू व्हायला एखादाच जण बाहेर जायचा उरला असताना, हे गणित थोडं सरकतं, ते पुढे.

८. आयसीएम, आयसीएम सगळे म्हणतात. ते स्टॅकच्या भानगडीत कुठे बसतं?

टुर्नामेंटमध्ये चिप्स दुप्पट झाले म्हणून त्यांची किंमत दुप्पट होत नाही, हे मोजायची पद्धत म्हणजे आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल). मूळ गणित डेव्हिड हार्विल यांचं, १९७३ चं, घोड्यांच्या शर्यतींसारख्या स्पर्धांमध्ये पहिला-दुसरा-तिसरा कोण याचं, आणि पोकरमध्ये ते १९८७ मध्ये मेसन मालमुथ यांनी आणलं. हापूसची फेब्रुवारीतली पहिली पेटी आणि मे महिन्यातली दहावी पेटी एकाच भावाने जात नाही ना, तसंच हातातले पहिले चिप्स महाग आणि नंतर येणारे स्वस्त.

आकड्यांत बघू. तीन जण उरलेत, बक्षिसं ५०, ३० आणि २० रुपये. मोठ्याकडे ५००० चिप्स, मधल्याकडे ३०००, धाकट्याकडे २०००. आयसीएमने मोठ्याचा वाटा ३८ रुपये ३९ पैसे, मधल्याचा ३२.७५, धाकट्याचा २८.८६. निम्मे चिप्स असून निम्मे पैसे नाहीत, आणि पाचवा हिस्सा चिप्स असून धाकटा जवळजवळ २९ वर.

आता मधल्याच्या खुर्चीत बसा. ब्लाइंड सोडून देऊ, हिशोब सोपा राहील.

मोठ्याने ऑल-इन टाकला आणि मधल्याने कॉल केला. हरला तर २० रुपये घेऊन घरी, म्हणजे १२.७५ गेले. जिंकला तर ६००० चिप्स, त्यांची किंमत ४१, म्हणजे मिळाले ८.२५. हा सौदा बरोबरीत सुटायला जिंकायची शक्यता ६०.७ टक्के लागते.

तेच ऑल-इन धाकट्याने टाकलं. हरला तर १००० उरतात, किंमत २४.६७, गेले ८.०८. जिंकला तर धाकटा बाहेर, दोघं सारखे, किंमत ४०, मिळाले ७.२५. इथे ५२.७ टक्के पुरतात.

तोच माणूस, तोच हात, तीच खुर्ची. समोर कोण आहे यावर आठ टक्क्यांचा फरक पडला, आणि पोकरमध्ये आठ टक्के म्हणजे अख्खी रेंज बदलते. मोठा डोळे मिटून कुठलेही दोन पत्ते टाकतोय असं जरी माहीत असलं तरी पंजीची जोडी ६०.३ टक्केच जिंकते, म्हणजे मधल्याला तीही सोडावी लागते! छक्कीची जोडी ६३.३, ती चालते. हे पहिल्यांदा ऐकून कुणालाच पटत नाही, कागद-पेन घेऊन करून बघा.

९. म्हणजे मोठा स्टॅक असलो की दिसेल तो हात टाकत सुटू?

मधल्यावर, हो, बऱ्यापैकी. वरच्याच उदाहरणात मोठ्याला मधल्यासमोर ५३.९ टक्के लागतात आणि मधल्याला मोठ्यासमोर ६०.७, हा जो फरक आहे तोच मोठ्याचा पगार. मधला फोल्ड करणार हे दोघांनाही माहीत असतं.

पण दोन ठिकाणी हात आवरा. एक, अगदी छोटा स्टॅक, २-३ बीबीवाला. तो फोल्ड करणारच नाही, प्रश्न ७ मधलं गणित त्याच्या बाजूने आहे, त्यामुळे त्याच्यासमोर कचरा टाकला की कचराच उघडा पडतो. दुसरं, तुमच्याएवढाच दुसरा मोठा स्टॅक. बाकीचे मरायला टेकलेत आणि तुम्ही दोघं एकमेकांवर धावून गेलात तर फायदा बाकीच्यांचा, चहा पीत बसलेल्यांचा.

आणि बबलवर कधी कधी धाकट्याला मुद्दाम जिवंत ठेवणारे मोठे स्टॅक असतात, तो जिवंत आहे तोवर मधले घाबरून राहतात म्हणून. बरोबर आहे, पण त्यासाठी चांगला हात सोडू नका, एवढी हुशारी करायची गरज नाही.

१०. शॉर्टने ४ बीबी टाकले, माझ्याकडे १५, माझ्यामागे ४० वाला अजून बोलायचाय. नुसता कॉल करू की मी पण ऑल-इन?

तुमचा हात शॉर्टच्या रेंजसमोर बरा आहे पण मागच्याला आत येऊ द्यायचा नाही, असं असेल तर ऑल-इन. मागचा फोल्ड झाला तर तुमचे ११ परत येतात, धोका ४ चाच राहिला. नुसता कॉल केला तर ४० वाला स्वस्तात घुसतो आणि मग एक्का-दश्शीचं काय करायचं हे फ्लॉप (मधले पहिले तीन पत्ते) आल्यावर कळत नाही.

फक्त, रेंज ठरवताना शॉर्टकडे बघून ठरवू नका. शॉर्टसमोर एक्का-चव्वीसुद्धा पुढे असेल, पण ४० वाला उठला तर १५ जातात. म्हणून सत्तीची जोडी, एक्का-दश्शी, राजा-राणी असल्या हातांपासून वर. मागे ४० च्या जागी ५ वाला असेल तर खुशाल सैल करा.

११. शॉर्ट ऑल-इन आहे, आम्ही दोघांनी कॉल केलंय. "दोघं चेक करत जाऊ, याला बाहेर काढू" असं म्हणायचं का?

म्हणायचं नाही. मनात ठेवून दोघांनी आपापलं चेक केलं (काही न लावता पुढे गेले) तर तो खेळाचा भाग, तोंडाने ठरवलं तर ती मिलीभगत, टुर्नामेंट डायरेक्टर पेनल्टी देऊ शकतो. घरच्या गेममध्ये पण हे होऊ देऊ नका, काकांचा आणि पुतण्याचा अशाने अबोला होतो.

१२. आमच्याकडे कुणी असं गणित करतच नाही, एक्का दिसला की कॉल. मग?

मग चोरी बंद, किंमत वसूल करा. तक्त्यातली मोठी रेंज "समोरचा शहाणा आहे" असं धरून आहे. तो कॉल करणारच असेल तर पहिल्यांदा राजा-पंजी, राणी-अठ्ठी असले हात काढून टाका, कारण ते फक्त समोरचा फोल्ड झाला तरच कमावतात. मधल्या जोड्या आणि एक्का-नव्वीपासून वरचे हात ठेवा, उलट त्यांना जास्त पैसे मिळतील.

अन् उलट प्रकारचा माणूस पण असतो, बक्षिसात बसल्याशिवाय काहीच कॉल न करणारा. तो बिग ब्लाइंडमध्ये आला की त्याच्यावर पत्ते न बघता टाका म्हटलं तरी चालेल. पण हे आयसीएमवालं घाबरणं त्याला खरोखर आहे का नुसता गप्प बसलाय, हे दोन-चार फेऱ्या बघून मग ठरवा.

१३. एक्क्यांची जोडी फोल्ड करायची म्हणतात ते खरं की थाप?

खरं, पण जवळजवळ फक्त सॅटेलाइटमध्ये. सॅटेलाइट म्हणजे पैशाऐवजी मोठ्या टुर्नामेंटची तिकिटं वाटतात तो प्रकार; ख्रिस मनीमेकर हा अमेरिकेतला हौशी खेळाडू २००३ ला अशाच ऑनलाइन सॅटेलाइटमधून वर्ल्ड सीरिज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटला पोचला आणि २५ लाख डॉलर जिंकून आला. सॅटेलाइटमध्ये पाच तिकिटं असतील तर पहिला आणि पाचवा सारखाच.

समजा पाच तिकिटं, सहा जण उरलेत, तुम्ही दुसऱ्या नंबरवर, खाली दोघं १-२ बीबीवर तडफडतायत. फोल्ड करत बसलात तर तिकीट जवळजवळ नक्की, ९५ टक्क्यांच्या वर म्हणा. आता पहिल्या नंबरवाल्याने ऑल-इन टाकला आणि तुम्हाला एक्क्यांची जोडी. कुठल्याही दोन पत्त्यांसमोर ती ८५ टक्के जिंकते. ९५ सोडून ८५ घ्यायचे आणि जिंकून मिळणार काय, तर तेच एक तिकीट. फोल्ड. हात जळतो, पण फोल्ड.

१४. बाउंटी टुर्नामेंटमध्ये पण हेच सगळं?

नाही, तिथे एक गोष्ट उलटी होते. बाउंटी म्हणजे कुणाला बाहेर काढलं की त्याच्या डोक्यावर लावलेलं बक्षीस. ज्याचा स्टॅक तुमच्यापेक्षा कमी किंवा तुमच्याएवढाच त्याच्याच डोक्यावरचे पैसे तुम्हाला मिळतात, म्हणून त्याच्यासमोर कॉल सैल करा. जो तुमच्यापेक्षा मोठा, त्याला हरवलंत तरी तो बाहेर जात नाही, बाउंटी नाही, तिथे नेहमीचंच गणित. आणि तुम्ही छोटे असाल तर लक्षात घ्या, मोठे स्टॅक तुम्हाला नेहमीपेक्षा जास्त कॉल करणार, तुमच्या डोक्यावर बक्षीस लावलंय. तेव्हा ८ बीबीला प्रश्न ४ च्या यादीतले हलके हात गाळा, जवळपास प्रश्न १२ सारखीच परिस्थिती आहे.

१५. चौघे उरलेत, बक्षिसं तिघांना. मी बटनवर २ बीबी घेऊन, हातात राजा-नव्वी. दुसरा एक १ बीबीवर आहे, तो या हातात पहिला बोलून फोल्ड झालाय. टाकू?

थांबा. तो पहिला बोलला म्हणजे पुढच्या हातात बिग ब्लाइंड त्याचा, सगळे चिप्स आपोआप जाणार, आणि तुमचा ब्लाइंड त्याच्यानंतरच्या हातात. म्हणजे तुम्हाला एक हात फुकट बघायला मिळतोय, त्यात तो गेला तर तुम्ही बक्षिसात. चिप्सच्या हिशोबाने राजा-नव्वी टाकायचाच हात आहे, इथे नाही. मोठी जोडी असेल तर टाका.

एक गोष्ट मात्र गेम सुरू व्हायच्या आधीच विचारून ठेवा: बिग ब्लाइंड अँटी असताना ज्याच्याकडे एकच बीबी उरलाय त्याचा तो बीबी आधी ब्लाइंडमध्ये धरतात की आधी अँटीत? नियम जागोजागी वेगळा आहे. ब्लाइंडमध्ये धरला तर तो जिंकल्यावर कॉल करणाऱ्या प्रत्येकाकडून एक-एक बीबी घेऊन परत उभा राहतो. अँटीत धरला तर जिंकूनसुद्धा त्याला त्याचा तेवढाच बीबी परत मिळतो, आणि लगेच पुढच्या हातात स्मॉल ब्लाइंडला त्यातला अर्धा जातो.